वाटसरूंच्या मुक्कामातून धर्मादाय : दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आपल्या पाठशाळेतील लहान मुलांनाही मुखोद्गत असतात. मात्र आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात जी गणना केली आहे, तीत आहार व औषध यांच्या जोडीला उपकरण आणि आवास ही दोन दाने येतात. आवास म्हणजे राहण्यास जागा. आचार्यांना अभिप्रेत होती ती संयमी जनांची वसतिका. परंतु तोच धागा पुढे यात्रेकरूंच्या धर्मशाळेपर्यंत आणि विद्यार्थ्यांच्या वसतिगृहापर्यंत येऊन पोहोचतो. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबईच्या एका मोत्यांच्या व्यापाऱ्याने हा धागा हाती घेतला आणि आवासदानाला जमाखर्चाची शिस्त लावली. त्यांचे नाव शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी. समाजाने त्यांना दानवीर आणि जैनकुलभूषण म्हटले, सरकारने जे.पी. केले. पहिली पदवी आजही त्यांच्या नावाआधी आपोआप उच्चारली जाते. बाकीच्या दोन हळूहळू गळून पडल्या.

शेठजींचे घराणे हुमड ज्ञातीचे, दिगंबर आम्नायाचे. आजोबा गुमानजी मेवाडातील भिंडर गावाहून सुरतेस येऊन स्थिरावले. वडील हिराचंद. मोतीचंद, पानाचंद, माणिकचंद आणि नवलचंद हे चौघे भाऊ. माणिकचंदांचा जन्म सुरतेस सन 1851 मध्ये झाला. सुरतेचे बंदर तोवर ओसरले होते आणि व्यापाराचा ओघ मुंबईकडे वळला होता. घरची स्थिती बेताची असल्याने ही मुलेही मुंबईस आली. शालेय शिक्षण फारसे झाले नाही. जव्हेरी बाजारात मोती ओवण्याचे काम त्यांनी पत्करले. हे काम दिसते तितके सोपे नाही. दाण्याचा आकार, पाणी, रंग आणि वेज पाहून एकाच मेळाचे मोती निवडावे लागतात. एक दाणा चुकीचा बसला तरी साऱ्या माळेची किंमत उतरते. डोळा आणि बोट यांची ही शाळा ज्याने केली, त्याला पुढे माणसे पारखणेही कठीण गेले नसावे.

1870 च्या सुमारास भावांनी माणिकचंद पानाचंद या नावाने स्वतःची पेढी काढली. त्या काळी मुंबई ही मोत्यांची मोठी पेठ होती. इराणच्या आखातातील बहारीन वगैरे ठिकाणांहून मोती येथे येत. येथे त्यांची वर्गवारी होई, छिद्रे पाडली जात, माळा बांधल्या जात आणि मग माल पॅरिस-लंडनकडे रवाना होई. सुरतेकडील जैन जव्हेऱ्यांचा या धंद्यात मोठा वाटा होता. माणिकचंद पानाचंद पेढीनेही युरोपशी व्यवहार जोडला आणि दोन-तीन दशकांत ती आघाडीच्या पेढ्यांत गणली जाऊ लागली. धंद्याची ही हकिकत येथे थोडक्यातच सांगणे बरे, कारण श्रीमंत झालेले जव्हेरी त्या बाजारात अनेक होते. त्या पैशाचे पुढे काय झाले, हा विषय अधिक मोलाचा आहे.

त्या काळचे प्रवासाचे चित्र डोळ्यांपुढे आणल्याशिवाय शेठजींच्या कार्याचे मोल कळणार नाही. व्यापारी कुटुंबाला सुट्टी ही कल्पनाच ठाऊक नव्हती. दुकान बंद ठेवून, बायकामुलांना घेऊन, महिना दीड महिना घराबाहेर पडण्याचे एकमेव मान्य निमित्त म्हणजे तीर्थयात्रा. आपला हिंगोलीचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादहून मनमाडकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे 1900 च्या सुमारास सुरू झाली, परंतु पूर्णा ते हिंगोली हा फाटा येण्यास 1912 साल उजाडावे लागले. तोवर हिंगोली, शिरड शहापूर, औंढा या बाजूच्या श्रावकाने बैलगाडीने पूर्णा किंवा परभणी गाठावे, तेथून मनमाडला जावे, वाटेत मांगीतुंगी व नाशिकजवळचे गजपंथ करावे आणि मग मुंबईत उतरावे, असा क्रम असे. पुढे गुजरातेत पावागड, तारंगा, शत्रुंजय आणि गिरनार. उलट दिशेस निघाले तर सम्मेद शिखरजी. गाडीभाडे परवडले तरी मुंबईसारख्या शहरात उतरायचे कोठे, हा प्रश्न मोठा होता. शुद्ध जेवण, गाळलेले पाणी आणि सूर्यास्तापूर्वीची पंगत ज्यांना सांभाळायची आहे, त्यांना कोठल्याही खाणावळीत पाट मांडून चालत नव्हते. 1896 पासून मुंबईत प्लेगने ठाण मांडले होते. अनोळखी पाहुणा घरात घेण्यास नातलगही बिचकत.

शेठजींनी आरंभ केला तो विद्यार्थ्यांपासून. सन 1900 मध्ये भावांनी मिळून पित्याच्या स्मरणार्थ मुंबईत तारदेव भागात शेठ हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग सुरू केले. कॉलेजच्या शिक्षणासाठी मुंबईत येणाऱ्या जैन मुलास धर्माचरण सांभाळून राहता यावे, हा हेतू. त्या काळी अनेक धनिकांना हे पटण्यासारखे नव्हते. नवे मंदिर, पंचकल्याणक प्रतिष्ठा, रथोत्सव हीच दानाची प्रशस्त ठिकाणे मानली जात. इंग्रजी शिकणाऱ्या पोरांच्या जेवणावर धर्माचा पैसा खर्चण्याची कल्पना पुष्कळांना रुचली नाही. शेठजींनी मंदिरांचे जीर्णोद्धारही केले, पण बोर्डिंगची वाट सोडली नाही. अहमदाबादेस त्यांच्या कुटुंबातर्फे शेठ प्रेमचंद मोतीचंद यांच्या नावाचे बोर्डिंग निघाले. कोल्हापूरच्या दिगंबर जैन बोर्डिंगला त्यांचे भरघोस साहाय्य झाले. याच कोल्हापूरच्या बोर्डिंगात पुढे रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थी म्हणून राहिले होते. तेथील नियम न मानल्यामुळे त्यांना बाहेर पडावे लागले, हा भाग वेगळा. परंतु वसतिगृह माणसाला काय देऊ शकते हे भाऊरावांनी तेथे पाहिले होते आणि आयुष्यभर तेच काम त्यांनी अठरापगड जातींच्या मुलांसाठी केले.

विद्यार्थ्यांची सोय झाल्यावर यात्रेकरूंची पाळी आली. सन 1905 मध्ये गिरगावानजीक सी. पी. टँक येथे शेठजींनी वडिलांच्या नावे हिराबाग ही प्रशस्त धर्मशाळा उभारली. जागेची निवड पाहिली की त्यांच्यातील व्यापारी दिसतो. भुलेश्वर आणि माधवबाग हाकेच्या अंतरावर, जव्हेरी बाजार व मुळजी जेठा मार्केट पायी जाण्याजोगे. खेड्यापाड्यातील जैन माणूस मुंबईस दोन कारणांसाठी येई, एक यात्रा आणि दुसरे खरेदी. कापडाच्या गाठी घ्यायला आलेला मराठवाड्यातील दुकानदार दिवसा मार्केटमध्ये भाव करून संध्याकाळच्या जेवणाला वेळेत परत येऊ शकेल, अशी ही जागा होती. व्यापाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी हिराबाग हा पत्ता आपल्या वहीत प्रथम लिहिला, तो यामुळेच.

धर्मशाळा आणि भाड्याची कोठी यांत फरक कोणता, याचा विचार येथे करणे अवश्य आहे. दोन्हीकडे खोली मिळते, दोन्हीकडे नोंदवहीत नाव लिहावे लागते, दोन्हीकडे मुनीम असतो. कोठीचा मालक उतारूकडून जे घेतो ते आपल्या घरी नेतो. धर्मशाळेत उतारू निघताना पेढीवर जी रक्कम जमा करतो, ती देखरेखीचा खर्च भागवून धर्मकार्याच्या खात्यात पडते. शिवाय कोठीचा संबंध बिल चुकते झाले की संपतो. धर्मशाळेतून निघालेला यात्रेकरू मात्र पावती घेऊन जातो आणि पुष्कळदा गावी गेल्यावर आणखी चार जणांकडून रक्कम गोळा करून पाठवितो. पेढीवर ठेवलेल्या निरनिराळ्या खात्यांच्या पावतीपुस्तकांमुळे त्याला कळते की दूर कोठे एखाद्या तीर्थाचे शिखर पडायला आले आहे किंवा एखाद्या पाठशाळेत पंडिताचा पगार थकला आहे. राहण्याची सोय करता करता देण्याची सवय लागते. आपल्याकडील जुन्या व्यापारी बिलांत शेवटी धर्मादाय म्हणून किरकोळ रक्कम जोडली जात असे. गिऱ्हाइकाला ती जाणवत नसे आणि वर्षअखेर मात्र रक्कम उभी राही. धर्मशाळेचे गणित त्याच जातीचे आहे.

हा हिशेब शेठजींनी एका वास्तूपुरता ठेवला नाही. तारदेव येथील जुबिली बाग ही आपली भाड्याचे उत्पन्न देणारी मिळकत त्यांनी हयातीतच ट्रस्ट करून दिली आणि तिच्या उत्पन्नातून बोर्डिंगे, शिक्षण व धर्मकार्ये चालावीत अशी व्यवस्था केली. त्यांच्या दानाचे खरे वैशिष्ट्य हे आहे. रोख रक्कम एकदा दिली की ती खर्च होते आणि दात्याचे नाव फळ्यावर राहते. भाडे देणारी वास्तू दिली तर दर महिन्याला पुन्हा दान घडते, दाता असो वा नसो. मृत्युपत्रात लिहून ठेवण्याऐवजी ही व्यवस्था त्यांनी जिवंतपणी केली, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. वारसांच्या मर्जीवर धर्मादाय सोडणाऱ्या धनिकांची शेवटी काय गत होते, हे आपल्या समाजात सांगावे लागत नाही.

योगायोग असा की प्रवास आणि लोकहित यांची सांगड दूर इंग्लंडातही एका लहान धंदेवाल्याने घातली होती. थॉमस कुक हा लाकूडकाम व छपाई करणारा माणूस दारूबंदीच्या चळवळीतला. 1841 मध्ये त्याने लेस्टरहून लफबरोस दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे 500 माणसे एका शिलिंगात आगगाडीने नेली. त्यातून जगप्रसिद्ध प्रवासी कंपनी उभी राहिली. परंतु कंपनी मोठी होत गेली तसा मूळ हेतू मागे पडला, आणि त्यावरून बापलेकांत बेबनावही झाला. हिराबाग मोठी कंपनी झाली नाही. एका इमारतीएवढीच राहिली आणि म्हणूनच कदाचित आपल्या हेतूपासून ढळली नाही.

यात्रेकरूला निवारा मिळाला तरी तो ज्या तीर्थावर जाणार त्या तीर्थाची स्थिती काय? कोठे पुजाऱ्याने मालकी सांगितली होती, कोठे हिशेब नव्हता, कोठे भांडारातील रक्कम कुणाच्या घरात पडून होती. 22 ऑक्टोबर 1902 रोजी भारतवर्षीय दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमिटी स्थापन झाली. तिच्या स्थापनेत आणि कारभारात शेठजी अग्रभागी होते. पुढे कमिटीचे कार्यालय हिराबागेतच आले. तीर्थांचे हिशेब मागविणे, धर्मशाळा दुरुस्त करणे, जमिनींचे कागद शोधणे ही कामे कीर्तीची नाहीत, कंटाळ्याची आहेत. शेठजी स्वतः गाडीत बसून ठिकठिकाणी जात आणि वह्या उघडून पाहत.

कमिटीपुढील मोठा प्रसंग आला तो सम्मेद शिखरजीचा. वीस तीर्थंकरांची ही निर्वाणभूमी, पारसनाथचा साडेचार हजार फुटांचा डोंगर. तेथील थंड हवेवर इंग्रज अधिकाऱ्यांचा डोळा जुनाच होता. 1858 मध्ये गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यधाम म्हणून हा डोंगर निवडला गेला. जागा अपुरी पडल्याने 1868 मध्ये तो प्रयोग सोडून देण्यात आला. 1907 च्या सुमारास पुन्हा डोंगरावर बंगल्यांसाठी जमिनी देण्याची योजना पुढे आली. सिमला, दार्जिलिंग, माथेरान अशी हवा खाण्याची ठिकाणे तेव्हा भराभर वाढत होती. सरकारी नजरेला पारसनाथ हे त्यांतलेच एक वाटले. जैनांच्या दृष्टीने तेथे बंगले म्हणजे बबर्जीखाने, शिकार आणि मद्य. देशभरातून तार व अर्ज गेले. दिगंबर-श्वेतांबर दोन्ही समाज उठले. शेठजी व तीर्थक्षेत्र कमिटी या प्रयत्नांत आघाडीवर राहिली. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर अँड्र्यू फ्रेझर यांनी प्रत्यक्ष येऊन पाहणी केली आणि ती योजना अखेर बारगळली. शंभराहून अधिक वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा उभा ठाकला. ऑगस्ट 2019 च्या केंद्रीय अधिसूचनेतील पर्यटनविषयक तरतुदींवरून 2022 च्या अखेरीस देशभर जैन समाज रस्त्यावर आला आणि 5 जानेवारी 2023 रोजी केंद्र सरकारने त्या तरतुदींना स्थगिती दिली. हिंगोलीसह मराठवाड्यातील ज्या तरुणांनी ते दिवस पाहिले, त्यांना शेठजींच्या 1907 मधील धावपळीची कल्पना सहज येईल. प्रवासी आणि यात्रेकरू एकाच वाटेने डोंगर चढतात. एकाच्या सोयीने दुसऱ्याचे तीर्थ बुडू नये, हा झगडा जुना आहे.

या कामाला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तीर्थरक्षणाच्या नावाने कोर्टकचेऱ्याही वाढल्या. आपल्या हिंगोलीला लागून असलेल्या वाशीम भागातील शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ क्षेत्र घ्या. 1905 मध्ये उभय आम्नायांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या होत्या. 1910 मध्ये दावा दाखल झाला आणि तो अकोल्याहून नागपूरमार्गे थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन 1929 मध्ये निकाली निघाला. यात्रेकरूंच्या भांडारातील पैसा दोन्ही बाजूंनी वकिलांच्या फीमध्ये गेला. धर्मशाळांच्या खोल्या त्या रकमेत किती बांधून झाल्या असत्या, हा हिशेब त्या काळी कोणी मांडला नाही.

द्रव्य देणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या लहान दानाची किंमत कळतेच असे नाही. शेठजींना ती कळत होती. काशीच्या स्याद्वाद महाविद्यालयाची कथा प्रसिद्धच आहे. गणेशप्रसादजी वर्णी तेव्हा तरुण विद्यार्थी होते. काशीत जैन मुलास न्यायशास्त्र शिकण्याची सोय नाही याची त्यांना खंत होती. एका सद्गृहस्थाने त्यांना एक रुपया दिला. रुपयाचे पैसे 64 आणि पोस्टकार्ड पैशाला एक. वर्णीजींनी 64 कार्डे घेतली आणि 64 ठिकाणी पत्रे धाडली. त्यातून मदत येऊ लागली आणि 1905 च्या श्रुतपंचमीस गंगेच्या काठी विद्यालय उघडले. उद्घाटन शेठ माणिकचंदांच्या हस्ते झाले. एक रुपयाच्या दानावर उभ्या राहिलेल्या संस्थेसाठी लक्षाधीश जव्हेरी मुंबईहून काशीस गेला, हे दृश्य मोठे रम्य आहे. त्या विद्यालयातून जे पंडित तयार झाले त्यांनी पुढील अर्धशतक जैन ग्रंथांचे संपादन केले.

शेठजींच्या भोवती माणसेही तशीच जमली. मुंबई प्रांतिक सभेच्या वतीने 1900 मध्ये जैनमित्र हे पत्र निघाले, त्याचे संपादक पंडित गोपालदासजी बरैया. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी, ज्यांनी 1884 पासून जैन बोधक चालविले, ते शेठजींचे स्नेही व सहकारी. लखनौचे शीतलप्रसाद प्लेगमध्ये 1904 साली घरची माणसे गमावून बसले होते. शेठजींनी त्यांना आपल्याजवळ आणून समाजकार्यास लावले. पुढे ते ब्रह्मचारी झाले आणि शेठजींचे विस्तृत चरित्र त्यांनीच लिहिले. त्या काळी शास्त्र छापणे हे पाप समजणारे पुष्कळ होते. शेठजी छापणाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले.

परंतु त्यांची खरी परीक्षा घरात झाली. त्यांची कन्या मगनबाई अवघ्या विशीच्या आत विधवा झाली. श्रीमंत घरची विधवा म्हणजे तिने कोपऱ्यातील खोलीत माळ जपत आयुष्य काढावे, हा रिवाज. बोर्डिंगवर पैसा खर्चणे सोपे. रिवाजाविरुद्ध आपली लेक उभी करणे अवघड. शेठजींनी तिला शिक्षक नेमून संस्कृत व धर्मग्रंथ शिकविले, यात्रेत आणि सभांत बरोबर नेले, बायकांपुढे बोलण्यास उभे केले. ज्ञातीत बोलणी झाली असतीलच. मगनबाईंनी ललिताबाई आणि सोलापूरच्या हिराचंद नेमचंदांची कन्या कंकुबाई यांच्या साहाय्याने श्राविकाश्रमाचे कार्य उभारले. विधवा व परित्यक्ता स्त्रियांना शिकवून अध्यापिका म्हणून तयार करणारी ही संस्था मुंबईत जुबिली बागेतच चालली. ज्या वास्तूचे भाडे शेठजींनी धर्मकार्यास लावून दिले, त्याच आवारात त्यांच्या कन्येचा आश्रम उभा राहिला. तेथून बाहेर पडलेल्या स्त्रियांनी महाराष्ट्रात आणि उत्तरेत कन्यापाठशाळा चालविल्या. मगनबाई 1930 मध्ये निवर्तल्या, तोवर त्यांचे नाव वडिलांइतकेच घरोघर झाले होते.

शेठजींच्या अखेरच्या काळातील आणखी एक काम आज विस्मरणात गेले आहे. सर्व प्रांतांतील दिगंबर जैनांची गावे, घरे, मंदिरे आणि तीर्थे यांची नोंद करणारी डिरेक्टरी तयार करण्याचा उद्योग त्यांच्या प्रेरणेने चालू होता. गावोगाव माणसे पाठवून माहिती गोळा केली गेली. ठाकुरदास भगवानदास जव्हेरी यांनी ही डिरेक्टरी 1914 मध्ये प्रसिद्ध केली. तीत दिगंबर समाजाची संख्या सुमारे साडेचार लाख भरली. आपण किती आहोत आणि कोठे आहोत हे समाजाला त्यातून कळले. आणि यात्रेला निघणाऱ्याला वाटेतील कोणत्या गावी श्रावकाचे घर व मंदिर आहे तेही.

16 जुलै 1914 रोजी शेठजींचे देहावसान झाले. वय 63. बाराच दिवसांनी युरोपात महायुद्ध पेटले. त्याआधीच 1913 च्या अखेरीस मुंबईची स्पेसी बँक बुडाल्याने जव्हेरी बाजार हादरला होता. युद्धामुळे पॅरिसची गिऱ्हाइकी आटली. त्यानंतर जपानच्या मिकिमोतोने तयार केलेले संवर्धित मोती बाजारात आले आणि 1929 च्या मंदीने उरलेसुरले संपविले. पिढ्यान्‌पिढ्या आखातातील मोत्यांवर चालणाऱ्या मुंबईच्या पेढ्या एकामागून एक थंडावल्या. शेठजींनी धर्मादायाची रक्कम धंद्यात गुंतवून ठेवली असती आणि व्याज संस्थांना देत राहिले असते, तर ती संस्थांसह बुडाली असती. ती त्यांनी मुंबईच्या जमिनीत आणि विटांत ठेवली होती. मोत्यांच्या व्यापाऱ्याने मोत्यांवर विसंबू नये, हे त्या बाजारात फार थोड्यांना सुचले.

हिराबागेत माणसे येत राहिली. जानेवारी 1915 मध्ये आफ्रिकेतून परतलेल्या गांधीजींचा एक सत्कार तेथे झाला आणि लोकमान्य टिळकही त्या वेळी उपस्थित होते. नाथूराम प्रेमींनी आपले हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालय हिराबागेतूनच चालविले; मुन्शी प्रेमचंदांची गोदान ही कादंबरी 1936 मध्ये त्यांनी प्रकाशित केली. शिखरजीस निघालेला खेडूत, गाठी घ्यायला आलेला कापडवाला आणि हिंदी साहित्यातील लेखक एकाच आवारात वावरत असतील, तेव्हाचे ते आवार मोठे गमतीचे असले पाहिजे.

शेठजींच्या स्मरणार्थ समाजाने वर्गणी जमविली. पुतळा किंवा छत्री उभारण्याऐवजी त्या निधीतून 1915 मध्ये माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमाला सुरू करण्यात आली. तिची व्यवस्था प्रेमींकडे होती. भांडारांत कुलूपबंद असलेले संस्कृत-प्राकृत ग्रंथ शोधून, शुद्ध करून तिने छापले आणि त्यांची किंमत छपाईच्या खर्चाइतकीच ठेवली.